रुळांखालून पाणी कुठं जातं?

बंगळुरूहून म्हैसूरला जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा मिळाली की मज्जाच! नारळाच्या बागा दिसतात, उसाची शेतं दिसतात, रामनगरचे थोराड कातळ दिसतात. श्रीरंगपट्टणजवळ कावेरी आली की सगळा डबा खिडकीशी गोळा होतो. "पूल आला, पूल आला!"

पण दोस्तांनो, त्याआधी आपण कितीतरी पूल ओलांडून आलेलो असतो. काही तर जेमतेम एका ढांगेत ओलांडता येतील एवढे. रुळांखालून ओढा, ओहोळ किंवा शेतातलं पाणी पलीकडे जावं म्हणून बांधलेल्या या मोऱ्या. रेल्वेच्या वहीत मोरीचीही पूल म्हणूनच नोंद होते आणि तिलाही नंबर मिळतो. पाणी जायची एकूण जागा १८ मीटर किंवा जास्त असेल, किंवा एकच गाळा (दोन आधारांमधलं मोकळं अंतर) १२ मीटर किंवा जास्त असेल, तर तो मोठा पूल. बाकीचे सगळे छोटे. भारतीय रेल्वेवर सुमारे दीड लाख पूल आहेत आणि त्यांतले दहापैकी नऊ या छोट्या गटातले आहेत!

एवढे कशाला लागतात? याचं उत्तर बंगळुरूत छान कळतं.

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर, पठाराच्या माथ्यावर वसलंय. शहरातून मोठी नदी वाहत नाही. इथं पडलेला पाऊस उतार शोधत चहूकडे पांगतो. पश्चिमेकडचं पाणी वृषभावतीतून अर्कावतीत आणि तिथून कावेरीत जातं. पूर्वेकडचं पाणी बेळंदूर तलावाकडून दक्षिण पिनाकिनीकडे जातं. जुन्या लोकांनी या वाटांवर बांध घालून तलाव केले. वरचा तलाव भरला की जादा पाणी कालव्यातून खालच्या तलावात जाई. तो भरला की त्याच्या खालच्यात.

अशा मुलखात १८६४ मध्ये रेल्वे आली. मद्रास रेल्वेची गाडी जोलारपेट्टैहून बंगळुरू कँटोन्मेंटला पोचली. मग १८८२ मध्ये म्हैसूरपर्यंतचा मार्ग पूर्ण झाला. पुढे तो चालवायला घेतला सदर्न मराठा रेल्वेनं. या कंपनीची मुख्य कचेरी धारवाडला होती.

आता गंमत अशी, की गाडीला तीव्र चढउतार चालत नाहीत. म्हणून उंचवटा आला की तो खोदायचा आणि सखल भाग आला की मातीचा भराव टाकायचा. पण भराव म्हणजे शेवटी मातीची लांबच लांब भिंतच! ती पाण्याच्या वाटेत आडवी उभी राहते. पाणी तुंबलं की माती भिजून मऊ होते, खचते आणि वरचे रूळ अधांतरी लोंबकळतात. म्हणून रेल्वे बांधणाऱ्यांना आधी एक प्रश्न सोडवावा लागतो : इथलं पाणी कुठून येतं आणि त्याला कुठं जायचंय? जिथं जिथं ते आडवं येईल, तिथं तिथं त्याला भरावाखालून वाट करून द्यायची.

पूर्वी या मोऱ्या आणि पूल बहुधा दगडाच्या किंवा विटांच्या कमानींचे असत. दगडाची एक खोड आहे. त्याला दाबा, तो खुशाल भार सोसतो. पण ताणा किंवा वाकवा, तर तडकतो. म्हणून लांब सपाट दगड दोन भिंतींवर ठेवून भागत नाही, तो मधोमध मोडेल. कमानीत मात्र दगड पाचरीच्या आकाराचे घडवतात, वर रुंद आणि खाली अरुंद. आधी लाकडी साचा उभारतात. दोन्ही बाजूंनी दगड रचत वर येतात आणि अगदी मधे शेवटचा दगड घट्ट बसवतात. मग साचा काढून घेतात. दगड पडत नाहीत! प्रत्येकाला खाली घसरायचं असतं, पण शेजारचे दोघं त्याला दाबून धरतात. वरून गाडीचं वजन आलं की तो दाब कमानीतून दोन्ही बाजूंना सरकत जाऊन जमिनीत उतरतो. दगडाच्या वाट्याला नुसतं दाबलं जाणं येतं आणि तेच तर त्याला जमतं.

खरं वाटत नाही? करून बघा. पुस्तकांच्या दोन सारख्या थप्प्या वीतभर अंतरावर ठेवा. जाड कागदाची पट्टी त्यांच्यावर सपाट ठेवून मधोमध एकेक नाणं ठेवत जा. लवकरच पट्टी वाकेल. आता तशीच दुसरी पट्टी कमानीसारखी वाकवून पहिलीच्या खाली, दोन्ही थप्प्यांच्या मधे अडकवा आणि पुन्हा नाणी मोजा. कितीतरी जास्त पेलली जातील! मग एक थप्पी हळूच बाहेर सरकवा. कमान लगेच बसली ना? कमानीची ताकद तिच्या बाजूच्या भक्कम भिंतींत असते, हे तुम्ही स्वतःच शोधून काढलंत.

कमानीचा हा गुण माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इंग्लंडमधला कॉझी कमान नावाचा पूल १७२६ मध्ये बांधून झाला. तेव्हा वाफेची रेल्वे नव्हती. त्याच्यावरच्या लाकडी रुळांवरून कोळशाच्या गाड्या घोडे ओढायचे. ती कमान अजून उभी आहे. आपल्याकडेही १०० वर्षांहून जुने तीस हजारांहून जास्त रेल्वेपूल आहेत.

पूल कमानीचा आहे की लोखंडी गर्डरचा, म्हणजे तुळईचा, हे डोळे मिटूनही ओळखता येतं. कमानीवर माती आणि खडी पसरलेली असते, म्हणून चाकांचा आवाज फारसा बदलत नाही. खडी नसलेल्या उघड्या गर्डरवर गाडी गेली की एकदम धडाड्-धडाड् असा पोकळ आवाज येतो. रुळांखाली आवाज शोषून घ्यायला काहीच नसतं आणि लोखंडही थरथरतं. पुढच्या प्रवासात कान देऊन ऐका!

एखादा रस्ता रुळांजवळून जात असेल, तर रस्त्यावरूनच मोरी नीट न्याहाळा. रुळांवर मात्र कधीही जायचं नाही. मोरीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना तिरक्या भिंती दिसतील. त्या पाण्याला आत वळवतात आणि भरावाची माती अडवून धरतात. वर मोरीचा नंबर असतो, सोबत एक बाण असतो. हा बाण पाणी कुठल्या दिशेनं वाहतं ते सांगतो. मोठ्या पुलांच्या खांबांवर आजवरचा सगळ्यात मोठा पूर कुठवर चढला होता ती खूण आणि त्याचं वर्ष लिहितात. धोक्याच्या पातळीचा लाल पट्टाही असतो. कुठंकुठं मोरीची एक बाजू जुन्या घडीव दगडांची आणि दुसरी काँक्रीटची दिसेल. मार्ग दुहेरी करताना मोरीही लांबवावी लागली, त्याची ही खूण.

बांधकामात कसूर झाली किंवा पाण्याचा अंदाज चुकला, तर काय होतं? भोर घाटातला रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. एका वेळी ४० हजारांहून जास्त मजूर तिथं राबत होते. त्यांनी २५ बोगदे खोदले, ८ उंच कमानी पूल उभारले. त्यातला एक पूल चारच वर्षांनी, १८६७ मध्ये कोसळला. त्यानंतर इतर पुलांचं दगडी कामही तपासावं लागलं. आणि २००५ च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात वलिगोंडाजवळ अतिवृष्टी झाली. वरच्या अंगाचा तलाव फुटला, लोंढ्यानं रेल्वेचा एक छोटा पूल वाहून नेला आणि गाडी घसरली. शंभराहून जास्त माणसं गेली. पूल छोटा होता, पण त्याच्यावर किती जणांचा जीव अवलंबून होता बघा.

म्हणूनच फुटल्यास रुळांना धोका होईल अशा तलावांची यादी रेल्वे ठेवते आणि पावसाळ्याआधी त्यांची पाहणी होते. मोऱ्यांमधला गाळ आणि कचरा काढला जातो. मुसळधार पावसात, रात्री आपण गाडीत झोपलेले असतो तेव्हा, गस्तीवरचे रेल्वे कामगार दिवा घेऊन रुळांच्या कडेनं चालत असतात. पाणी कुठवर चढलंय, माती सरकलीय का, हे ते डोळ्यांत तेल घालून बघतात. त्यांच्या कामाला आपणही हातभार लावू शकतो. गटारात टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी पाण्याबरोबर एखाद्या मोरीच्या तोंडाशी जाऊन अडकते, म्हणून ती टाकायचीच नाही.

आता या महिन्याचा उद्योग! तुमच्या भागाचा नकाशा मिळवा. तुमच्या छतावर पडलेलं पावसाचं पाणी कुठल्या गटारातून, नाल्यातून, तलावातून कुठल्या नदीला मिळतं, ते निळ्या पेन्सिलीनं आखा. मग लाल पेन्सिलीनं रेल्वेमार्ग काढा. निळी आणि लाल रेघ जिथं एकमेकींना छेदतील, तिथं पूल किंवा मोरी असणारच. तिथं गोल करा, मोठ्या माणसाबरोबर रस्त्यावरून ती जागा बघून या आणि बाणाची दिशा तुमच्या नकाशाशी जुळते का ते तपासा!