गाठ विरली तरी शस्त्रक्रिया हवीच

"गाठ हाताला लागून राहिली, मग कापून काऊन नाही टाकत?" काटोलकडच्या एका पंचेचाळिशीतल्या बाईंच्या यजमानांनी मला हे विचारले, तेव्हा त्यांच्या हातात बायॉप्सीचा रिपोर्ट होता. स्तनाचा कर्करोग. गाठ लिंबाहून मोठी, काखेतही एक. कर्करोगतज्ज्ञांनी आधी केमोथेरपी लिहून दिली होती. आता काही उरले नाही म्हणूनच ऑपरेशन टाळतात, असा अर्थ घरच्यांनी काढला होता.

हा अर्थ चुकीचा आहे. गाठ मोठी असेल, त्वचेला किंवा छातीच्या भिंतीला चिकटली असेल, काखेत गाठी असतील, तर आधी औषधाने ती आकसवून मग काढणे सोयीचे असते. पूर्ण स्तन काढण्याऐवजी काही जणींचा स्तन वाचवता येतो. शिवाय औषध लागू पडते की नाही, हे गाठ जागेवर असल्यामुळे डोळ्यांसमोर कळते. सगळ्यांनाच हा क्रम लागत नाही. लहान गाठ असेल तर बहुधा शस्त्रक्रिया आधी होते. ईआर, पीआर आणि हर-२ या तपासण्यांवरही बरेच ठरते. म्हणून शेजारणीच्या उपचाराशी आपला ताडून पाहू नये.

या क्रमाने वेळ वाया जातो का? अमेरिकेत १९८८ ते १९९३ या काळात १५२३ स्त्रियांवर याचा मोठा अभ्यास झाला. निम्म्या स्त्रियांना केमो आधी दिली, निम्म्यांना शस्त्रक्रियेनंतर. नऊ वर्षांनंतर दोन्ही गटांत जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण जवळजवळ सारखेच, शेकडा सत्तरच्या आसपास होते.

मात्र याच अभ्यासातले दुसरे आकडे मला अधिक महत्त्वाचे वाटतात. आधी केमो घेतलेल्या शंभरातील छत्तीस जणींची गाठ हाताला लागेनाशी झाली. पण शस्त्रक्रियेनंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहता, पसरू शकणारा कर्करोग मुळीच उरला नाही अशा शंभरात तेराच निघाल्या. आजची औषधे अधिक प्रभावी आहेत, तरी हाताला न लागणे आणि नसणे यांतला फरक कायम आहे.

आणि नेमके इथेच आपल्याकडे घोटाळा होतो. तिसऱ्या-चौथ्या सायकलला गाठ विरते, बाईला बरे वाटते, सोयाबीन काढणीला येते, मुलीचे लग्न ठरते. "आता कशाला चिरफाड?" म्हणून शस्त्रक्रिया राहून जाते. काही महिन्यांनी गाठ परत येते, तेव्हा ती पूर्वीइतकी सोपी नसते. शेवटच्या केमोनंतर साधारण तीन ते सहा आठवड्यांत शस्त्रक्रिया व्हायला हवी. गाठ विरल्यावर तिची जागा सर्जनला सापडावी म्हणून सुरुवातीलाच तिथे धातूची बारीक क्लिप बसवतात. स्तन वाचवायचा असेल तर तिच्याविषयी जरूर विचारावे. क्वचित औषध चालू असतानाच गाठ वाढते. मग औषध बदलतात किंवा लगेच शस्त्रक्रिया करतात. म्हणून दर खेपेला तपासणी चुकवू नये.

केमो बहुधा दर तीन आठवड्यांनी देतात. लाल रंगाच्या औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात, उपचार संपल्यावर पुन्हा येतात. खरी काळजी तापाची. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी घटतात. ताप १००.४ अंश फॅरनहाइट झाला, तर गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. रात्रीही रुग्णालय गाठावे. घरात थर्मामीटर हवाच. फळांत संत्रे, केळी अशी सोलून खायची बरी. नागपूरच्या मे महिन्यात पाणी भरपूर प्यावे.

विदर्भातल्या रुग्णांना या उपचारासाठी मुंबईच गाठली पाहिजे असे नाही. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपी आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रिया दोन्ही येतात. पहिल्याच भेटीला रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत न्यावे.

काटोलच्या बाईंची गाठ चौथ्या सायकलला बोटांना लागेनाशी झाली. यजमान पुन्हा आले, पुन्हा तोच प्रश्न, फक्त उलटा: "आता गाठच नाही, मग कापता काऊन?" त्यांना वरचे आकडे सांगितले. शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली, आणि काढलेल्या भागात सूक्ष्मदर्शकाखाली थोडा कर्करोग शिल्लक निघालाच.