मागच्या चाकांना डिस्क ब्रेक हवेतच का?

कोल्हापूरची कामे उरकून रत्नागिरीकडे परतताना आंबा गाव मागे पडले की घाटाची उतरण लागते, ती थेट साखरप्याच्या बाजूला आणून सोडते. गाडीत घरची चार-पाच माणसे, डिकीत गुळाची ढेप, तेलाचे डबे, बियाण्याच्या पिशव्या. वळणावळणावर ब्रेक दाबत उतरले की खाली पोचेपर्यंत चाकांतून जळका वास येऊ लागतो. चिपळूण-कऱ्हाड रस्त्यावरच्या कुंभार्ली घाटातही हाच अनुभव. मग कोणीतरी सल्ला देतो, "मागचे ड्रम काढून टाका, डिस्क बसवा. गाडी जागच्या जागी उभी राहील."

सल्ला ऐकायला बरा वाटतो. आमचे मत मात्र आधीच सांगून टाकतो: घरच्या लहान गाडीसाठी हा खर्च करू नका. का ते नीट समजून घ्या, कारण प्रश्न नुसत्या पैशाचा नाही, गाडीत बसलेल्या माणसांचा आहे.

ड्रम ब्रेक म्हणजे चाकाबरोबर फिरणारे एक बिडाचे भांडे. त्याच्या आत अर्धगोल आकाराचे दोन शू असतात. पेडल दाबले की ते बाहेर सरकून भांड्याला आतून घासतात. डिस्क ब्रेकमध्ये उघडी चकती फिरते आणि तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात. चकतीला वारा लागतो, ती लवकर निवते. पाण्यातून गेली तर पाणीही लगेच झटकले जाते. ड्रम मात्र बंद भांडे. फार तापला की फुगून शूपासून दूर सरतो आणि लायनिंगची पकडही कमी होते. हा डिस्कचा गुण खराच आहे, आणि म्हणूनच ऑल्टो, वॅगनआरसारख्या गाड्यांना पुढे डिस्क दिलेली असते.

पण मागे ड्रम का ठेवले? एसटीत उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो. गाडीचा भारही तसाच पुढच्या चाकांवर जातो आणि मागची चाके हलकी होतात. त्यामुळे जोरात ब्रेक मारल्यावर थांबवण्याच्या कामाचा दोन-तृतीयांशाहून अधिक वाटा पुढचेच ब्रेक उचलतात. शिवाय हलक्या झालेल्या मागच्या चाकांना जादा जोराचा ब्रेक दिला तर ती पुढच्यांच्या आधी जाम होतात. जाम झालेल्या चाकाची आडवी पकड सुटते, गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो आणि गाडी गिरकी घेते. जुलैच्या पावसात, शेवाळलेल्या वळणावर, एका बाजूला दरी असताना हे काय होईल ते सांगायला नको. म्हणून मागे किती दाब जावा हे कारखान्यात मोजूनमापून ठरवलेले असते. ड्रमच्या जागी डिस्क आली की ते गणित मोडते.

एवढ्यावर भागत नाही. ड्रमच्या दोन शूंपैकी एक शू चाकाच्या फिरण्यामुळे आपोआप ओढला जाऊन जास्त घट्ट बसतो. डिस्कला ही मदत मिळत नाही, म्हणून तिला जास्त दाब किंवा मोठा पिस्टन लागतो. मोठ्या पिस्टनला तेलही जास्त लागते. जुना मास्टर सिलिंडर तेवढे तेल पुरवू शकला नाही तर पेडल खोल जाते. म्हणजे चकती, कॅलिपर, हब, पाइप, हँडब्रेकची केबल, दाब वाटून देणारा व्हॉल्व्ह, कदाचित मास्टर सिलिंडरही, सगळेच बदलणे आले. १ एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. त्या गाड्यांत मागच्या चाकाची गती मोजणारा सेन्सरही सांभाळायचा. कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात मागे डिस्क दिली असेल तर हा सगळा संच एकमेकांना जुळणारा मिळू शकतो. पण भंगारातल्या दुसऱ्याच गाडीची चकती आणि वेल्डिंग केलेली पट्टी यांवर पोराबाळांना बसवून घाट उतरायचा, हे आमच्याच्याने तरी होणार नाही.

हँडब्रेकचेही पाहा. आपल्याकडे घरे उतारावर, गाडी उभी करायची तीही चढणीवर. ड्रमचा हँडब्रेक साधा आणि पकडीला पक्का. डिस्कमध्ये त्यासाठी कॅलिपरमध्येच वेगळी यंत्रणा लागते किंवा चकतीच्या आत छोटा ड्रम बसवावा लागतो. त्यात आपली खारी हवा! मागच्या ब्रेकला काम कमी, त्यामुळे चकती घासून साफ होत नाही आणि गंज धरते. फोक्सवॅगन कंपनीने २०२० साली विकायला काढलेल्या आयडी-३ या विजेच्या गाडीलाही मागे ड्रमच ठेवले. विजेच्या गाडीत मागचे ब्रेक क्वचित वापरले जातात, आणि बंद ड्रम गंजापासून वाचतो. जर्मनीतल्या एवढ्या मोठ्या कंपनीला ड्रमची लाज वाटली नाही.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगता बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने ठरवलेल्या रचनेशी विसंगत बदल करता येणार नाही, असे स्पष्ट केले. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी याच बदलावर बोट ठेवून भरपाई अडवू शकते.

मग वास येतो त्याचे काय? गाडी माणसांसकट १,२०० किलोची धरा आणि उतार ५०० मीटर उंचीचा. ही गाडी नुसत्या ब्रेकवर खाली आणली तर जेवढी उष्णता निघते, तेवढ्यात हंडाभर, म्हणजे वीसेक लिटर, पाणी उकळेल. ती सगळी चार चाकांवर टाकू नका, इंजिनावर टाका. घाटमाथ्यावरच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घ्या, उतार तीव्र असेल तर पहिल्या. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. थोडा जोरात दाबून वेग कमी करा आणि सोडून द्या. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारे आहेत. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन पेट्रोल घेणेच थांबवते. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवायला पेट्रोल लागतेच. इंजिन बंद करून उतरणे तर भलतेच: बूस्टरची मदत संपते आणि पेडल दगडासारखे घट्ट होते.

पेडल स्पंजासारखे लागले तर दोष बहुधा ब्रेक ऑइलचा असतो. हे तेल हवेतले पाणी शोषते, आणि आपल्या हवेत पाण्याला काय तोटा! नवे डॉट-३ तेल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही. ओल धरल्यावर त्याला १४० अंशही पुरतात. तेल उकळले की पाइपात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते पण ब्रेक लागत नाही. मागे डिस्क बसवून हे सुधारत नाही. साधारण दर दोन वर्षांनी तेल बदला, आणि गाडीच्या पुस्तकात सांगितले आहे तेच घाला.

वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, मागचे ड्रम उघडून घ्या आणि स्वतः शेजारी उभे राहा. लायनिंग किती उरले, ड्रमला आत खाच पडली आहे का, व्हील सिलिंडरच्या रबराखाली ओल आहे का, बेअरिंगचे ग्रीस शूवर आले आहे का, ते पाहा. तेल लागलेले शू पुसून परत बसवू देऊ नका, जोडी बदला. आतली भुकटी हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे आणि ते फुप्फुसाला घातक आहे.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाडीच्या ड्रममध्ये गाळ बसून राहतो, बाहेरून दिसत नाही. पाणी चाकाच्या वर गेले असेल तर ड्रम उघडल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नये. नुसते वहाळातले पाणी ओलांडले असेल तर पुढे हळू जाताना ब्रेक दोन-चारदा हलका दाबा, शू सुकतात. आणि भर पावसात गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओलीने शू ड्रमला चिकटतात. सपाट जागा बघा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि आपल्या जुन्या पद्धतीप्रमाणे चाकाला दगड लावा.