विषण्णतेतील चिंतालक्षणे व त्यांवरील औषधोपचार

विषण्णतेच्या पुष्कळ रुग्णांत खिन्नतेबरोबरच चिंतेची लक्षणेही आढळतात. छातीतील धडधड, हातांचा कंप, अस्वस्थ येरझारा व अकारण धास्ती ही त्यांपैकी ठळक होत. अशा रुग्णास दोन स्वतंत्र व्याधी आहेत असे मानून चिंतेसाठी शामक औषध व खिन्नतेसाठी विषण्णताविरोधी औषध द्यावे, हा विचार सहज सुचणारा आहे. तथापि ही विभागणी उपचारांच्या अनुभवाशी पूर्णतः जुळत नाही.

इमिप्रामीनचा विषण्णतेवरील गुण स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ रोलंड कून यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात डोनाल्ड क्लाइन यांनी ते भीतीचे तीव्र झटके येणाऱ्या रुग्णांस देऊन पाहिले. आपणांस काहीच गुण नाही, असे रुग्ण सांगत. परंतु धास्तावून परिचारिकांकडे धाव घेणे त्यांनी सोडले होते. क्लाइन व मॅक्स फिंक यांनी १९६२ मध्ये ही निरीक्षणे मांडली. विषण्णतेवरील औषध चिंतेच्या एका प्रकारावरही चालते, हे त्यांवरून दिसून आले.

सेरोटोनिनच्या पुनर्ग्रहणास अटकाव करणारी औषधे आज विषण्णता व चिंताविकार या दोहोंवर प्रथम योजिली जातात. हा अटकाव काही तासांतच घडतो. गुण मात्र दोन ते सहा आठवड्यांनी येतो. मज्जापेशींत सावकाश होणारे बदल हे या विलंबाचे कारण मानले जाते. उलट, पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता व निद्रानाश वाढण्याचा संभव असतो. चिंताग्रस्त रुग्ण हाच रोगाचा जोर समजतो व औषध सोडून देतो. यास्तव आरंभीची मात्रा अल्प ठेवून ती क्रमाने वाढविणे इष्ट होय. तरुण रुग्णांत आत्महत्येच्या विचारांकडेही या काळात विशेष लक्ष पुरवावे लागते.

बेंझोडायझेपीन वर्गातील शामके तत्काळ आराम देतात; पण मूळ विषण्णता त्यांनी हटत नाही व दीर्घ सेवनाने त्यांची सवय जडते. म्हणून त्यांचा उपयोग आरंभीच्या अल्प काळापुरताच योग्य ठरतो.

चिंतायुक्त विषण्णता उपचारांस कमी दाद देते, असे अमेरिकेतील ‘स्टार-डी’ या विस्तृत अभ्यासाच्या २००८ मधील विश्लेषणात आढळले. सिटॅलोप्रॅम घेणाऱ्या अशा रुग्णांत पूर्ण उपशम कमी जणांस व अधिक विलंबाने लाभला. ज्याला धीर धरणे सर्वांत कठीण, त्यालाच अधिक काळ वाट पाहावी लागते. या विलंबाची व आरंभीच्या त्रासाची पूर्वसूचना रुग्णास देणे, हा म्हणूनच उपचाराचाच भाग होय.