मीटर ठीक, तरी आवाज पोहोचेना

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड झोडपले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. दोन्ही वेळा वीज गेली, पाठोपाठ मोबाइलही मुके झाले. टॉवरविना चालणारा हॅम रेडिओ अशा वेळी हाताशी लागतो. मात्र संच कितीही भारी असला, तरी आवाज बाहेर पडतो तो केबलमधून अँटेनापर्यंत पोहोचला तरच.

हॅम रेडिओची कोॲक्सियल केबल बहुधा ५० ओमची असते, टीव्हीची ७५ ओमची. अँटेनाचा इम्पिडन्स, म्हणजे रेडिओ लहरींच्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध, केबलइतकाच असेल तर अँटेना सगळी शक्ती घेते. नसेल तर काही भाग माघारी फिरतो. तो एसडब्ल्यूआर मीटरवर कळतो: आकडा १ असेल तर परतावा शून्य, २ असेल तर सुमारे ११ टक्के, ३ असेल तर २५. यातले ११ टक्के ऐकणाऱ्याला जाणवतही नाहीत. तेवढ्यासाठी पावसात कौलांवर चढण्यात शहाणपण नाही.

जुळणी तशी सोपी असते. पाव लहरीच्या उभ्या अँटेनाखालच्या काड्या आडव्या ठेवल्या तर इम्पिडन्स सुमारे ३६ ओम येतो. त्याच ४५ अंशांत खाली वाकवल्या की ५० च्या जवळ जातो. १४५ मेगाहर्ट्झसाठी प्रत्येक काडी जेमतेम अर्ध्या मीटरची लागते.

कोकणात खरा घात करते ती केबल. सांध्यातून पावसाचे पाणी आत झिरपते, खाऱ्या हवेने तांब्याची जाळी काळी पडते. अशी केबल जाणारी शक्ती खाते आणि माघारी येणारीही खाते. मीटरपर्यंत परतावा पोहोचतच नाही, म्हणून आकडा छान दिसतो. बारीक आरजी-५८ केबल अगदी नवी असली, तरी ३० मीटर लांबीत १४५ मेगाहर्ट्झची सुमारे तीन-चतुर्थांश शक्ती उष्णता होऊन जाते. तिचे वरचे टोक अँटेनापासून सोडवले, तरी मीटर १.७ च्या आसपासच राहील. अँटेनाच नाही, आणि मीटर म्हणतो सगळे आलबेल!

हीच गंमत तपासणीला उपयोगी पडते. मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, केबलचे वरचे टोक मोकळे करून अगदी कमी शक्तीवर क्षणभर प्रक्षेपण करावे. आकडा खूप वर उसळला तर केबल धडधाकट. खालीच रेंगाळला तर ती बदलून जाड आणि शक्य तितकी आखूड घ्यावी. सांध्यांवर ताणून गुंडाळायची रबरी टेप लावावी, आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकून जाते.