पेन्सिल सेलचा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विद्युत्घटांवर लेख लिहावा हे आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांना कदाचित रुचणार नाही. परंतु सेल ही जशी प्रयोगशाळेतली वस्तू आहे, तशीच ती दुकानात पैसे मोजून घ्यायचीही वस्तू आहे. पैसे मोजून मी फसलो, म्हणूनच या विषयाच्या मागे लागलो.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी बाजारातून पुन्हा भरता येणारे चार पेन्सिल सेल घेतले. चारांचे मिळून एकशे साठ रुपये. प्रत्येकावर ठळक आकडा होता : ४६०० मिलिअँपिअर-तास. शेजारच्या दुकानात नावाजलेल्या कंपनीचे सेल होते. त्यांच्यावर आकडा २००० आणि चारांची किंमत हजार रुपये. निम्म्याहून कमी माल आणि सहापट भाव, असा हिशेब मी जागच्या जागी केला आणि स्वतःवरच खूश झालो. विक्रेत्याला खात्रीबद्दल विचारले तेव्हा तो कन्नडमध्ये "ग्यारंटी इल्ल री" असे सरळ म्हणाला होता. त्या सगळ्या व्यवहारात तेवढे एकच वाक्य खरे होते, पण ते मी कानाआड केले.

सेल पूर्ण भरून मी खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी काकांना विजेरीसाठी दिले. (गावात विजेरीलाच बॅटरी म्हणतात, पण या लेखात घोटाळा नको म्हणून विजेरी म्हणतो.) पावसाळ्यात लागतील म्हणून काकांनी ते खणात जपून ठेवले. जुलैत पावसाने झोडपले, दोन दिवस वीज नव्हती, आणि रात्री शेताचा बांध फुटल्यासारखा वाटला म्हणून काकांनी माझे सेल घातले आणि ते बाहेर पडले. परत येताना ओढ्यापाशी विजेरी एकदम बंद पडली. अंधारात बांधावरून पाय घसरला आणि घोट्याचे हाड मोडले. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये राहिला. भाताची लावणी मजूर लावून करून घ्यावी लागली. मी भेटायला गेलो तेव्हा काका म्हणाले, "अरे, सेल संपायचेच. त्यात तुझा काय दोष?" दोष कुणाचा ते मला ठाऊक होते. सेल का संपले, तेवढे मात्र ठाऊक नव्हते.

आधी त्या आकड्याचा अर्थ. २००० मिलिअँपिअर-तास म्हणजे २०० मिलिअँपिअर प्रवाह दहा तास, किंवा ४०० मिलिअँपिअर पाच तास. आपल्या भाषेत सांगायचे तर हा झाला 'नग'. व्होल्ट हा झाला 'दर'. नगाला दराने गुणले की 'रक्कम' मिळते, आणि ती मोजायची वॉट-तासांत. पुन्हा भरता येणारा नेहमीचा पेन्सिल सेल हा निकेल-मेटल हायड्राइड जातीचा असतो आणि त्याचा दर १.२ व्होल्ट. म्हणजे २००० चा सेल २.४ वॉट-तास देतो. हे बिल नीट मांडता आले तर बाजारातली आणखी एक गंमत उलगडते. हल्ली चार्जरची वायर थेट सेललाच जोडता येते असे लिथियमचे पेन्सिल सेल मिळतात. ते १.५ व्होल्ट देतात आणि त्यांच्यावर ३००० असा आकडा असतो. बारीक अक्षरे वाचली तर तो आकडा मिलिवॉट-तासांचा निघतो. म्हणजे तो नग नव्हे, रक्कम आहे. दीडाने भागले की २००० मिलिअँपिअर-तास उरतात. त्याच मापात आपला साधा २००० चा सेल २४०० चा ठरतो. फरक आहे, पण तीन हजार आणि दोन हजार एवढा नाही. यात कंपनी खोटे बोलत नाही. एकाने बेरीज रुपयांत लिहिली आणि दुसऱ्याने नगांत, एवढेच.

४६०० ची गोष्ट मात्र निराळी. पेन्सिल सेलचे आकारमान ठरलेले आहे : साडेचौदा मिलिमीटर जाडी आणि साडेपन्नास मिलिमीटर लांबी. तेवढ्या जागेत निकेलचे जेवढे रसायन मावते, त्यातून अडीच हजार किंवा फार तर त्याहून थोडे अधिक मिलिअँपिअर-तास निघतात. त्यापुढचा आकडा छापायला फक्त शाई लागते. जाड लिथियम सेलवर चालणाऱ्या विजेऱ्यांतही हाच प्रकार चालतो. १८६५० या नावाच्या त्या सेलची क्षमता चांगल्यात चांगल्या कारखान्यात साडेतीन हजारांच्या आसपास असते, आणि बाजारात मात्र त्यावर ९९०० छापलेले सर्रास दिसते.

आत रसायन किती आहे हे सेल न फोडता कळण्याचा पहिला उपाय मला सराफाच्या दुकानात सापडला. ओळखीच्या सराफांच्या काट्यावर मी दोन्ही सेल ठेवले. हजारवाल्यांतला एक (हे चार मी नंतर घेतले) २७ ग्रॅम भरला. माझा ४६०० चा भरला १५ ग्रॅम. सराफ हसून म्हणाले, "हा पोकळ दागिना." कन्नडमध्ये वजनाला तूक म्हणतात. हा शब्द त्या दिवसापासून माझ्या पक्का लक्षात राहिला. सेलमध्ये धातू आणि धातूची संयुगेच असतात, आणि वजनाशिवाय ती आत भरता येत नाहीत. दुकानात काटा नसला तरी दोन हातांत दोन सेल घेतले की बारा ग्रॅमचा फरक समजतो.

काही दुकानदार मीटर लावून सेल दाखवतात आणि "बघा, पूर्ण व्होल्ट आहेत" म्हणतात. ती परीक्षा जवळजवळ निरुपयोगी आहे. प्रवाह न घेता मोजलेला व्होल्ट म्हणजे पेढीवरची पाटी. आत तिजोरीत किती आहे ते पाटीवरून कळत नाही. त्यासाठी पैसे काढूनच पाहावे लागतात. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाचे मानकही हेच करते. सेल क्षमतेच्या एक दशांश प्रवाहाने सोळा तास भरायचा, थोडा वेळ थंड होऊ द्यायचा, आणि मग क्षमतेच्या एक पंचमांश प्रवाहाने १.० व्होल्टपर्यंत रिकामा करायचा. जेवढे निघाले तेवढी त्याची क्षमता.

हे घरी करण्यासाठी मी ४.७ ओहमचा एक रोधक आणला आणि भौतिकशास्त्राच्या सरांकडून मल्टिमीटर मागून घेतला. रोधक घेताना एक वॉटचा घ्यावा, लहान असला तर चटका बसण्याइतका तापतो. १.२ व्होल्टला ४.७ ने भागले की सुमारे २५५ मिलिअँपिअर प्रवाह येतो. सेल पूर्ण भरायचा, रोधक जोडायचा, घड्याळ पाहायचे आणि मीटर १.० दाखवील तेव्हा थांबायचे. हजारवाला सेल ७ तास ३५ मिनिटे चालला, म्हणजे १९३४ मिलिअँपिअर-तास. आईने दोनदा जेवायला हाक मारली, पण मी हललो नाही. ४६०० वाला २ तास २० मिनिटांत संपला, म्हणजे ५९५. छापलेल्याचा सातवा हिस्सासुद्धा नीट भरला नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर पुन्हा फसलो असतो. कारण भागाकार करून पाहा : चाळीस रुपयांत ५९५ आणि अडीचशे रुपयांत १९३४. दर शंभर मिलिअँपिअर-तासांना स्वस्त सेल पावणेसात रुपयांना पडतो आणि महाग सेल जवळजवळ तेरा रुपयांना. खोटा आकडा सोडून दिला तरी स्वस्त तो स्वस्तच! हे उत्तर पाहून मी दोन दिवस गोंधळलो होतो. काकांच्या विजेरीत काय झाले ते या भागाकारात कुठेच येत नव्हते.

ते आले खणातल्या दोन महिन्यांमुळे. निकेल-मेटल हायड्राइड सेल भरून नुसता ठेवला तरी आतल्या आत झिरपत असतो, आणि उष्णतेत अधिक झिरपतो. जुन्या धर्तीचे सेल महिन्याभरात पाव-तृतीयांश भरणा सहज गमावतात. २००५ साली जपानच्या सान्यो कंपनीने एनेलूप नावाचे कमी झिरपणारे सेल आणले. वर्षभर ठेवल्यावरही सुमारे ८५ टक्के भरणा शिल्लक राहतो असा तिचा दावा होता. आज बऱ्याच कंपन्या त्या जातीचे सेल करतात आणि वेष्टनावर 'भरलेलेच मिळतात' अशा अर्थाचे शब्द असतात. ती खूण पाहावी. मी दोन्ही प्रकारचे सेल भरून साठ दिवस कपाटात ठेवले आणि मग मोजले. चांगला सेल पूर्ण सात तास चालला, म्हणजे १७८५. स्वस्त सेल पंचावन्न मिनिटे, म्हणजे २३४. आता भागाकार उलटतो : शंभराला चांगला चौदा रुपये आणि स्वस्त सतरा रुपये. त्या रात्री काकांच्या हातात साधारण एवढाच उजेड होता, आणि ओढा घरापासून बराच लांब आहे.

विजेरी पिवळी न पडता एकदम का गेली, हाही प्रश्न मला छळत होता. साध्या जस्ताच्या किंवा अल्कलाइन सेलचा व्होल्ट दीडपासून हळूहळू उतरत जातो. जुन्या विजेरीचा दिवा मंद होत सूचना देई. निकेलचा सेल बहुतेक वेळ १.२ वर स्थिर राहतो आणि शेवटी कोसळतो. त्यात हल्लीच्या दोन सेलच्या एलईडी विजेऱ्यांत व्होल्ट वाढवणारे छोटे यंत्र असते. ते शेवटच्या मिनिटापर्यंत उजेड एकसारखा ठेवते. मुदत संपेपर्यंत नियमित व्याज देणारी आणि मग एका सकाळी दार न उघडणारी पेढी असावी, तसा हा प्रकार आहे. म्हणून रात्री बाहेर पडणाऱ्याच्या खिशात भरलेली दुसरी जोडी हवीच, मग सेल कितीही चांगले असोत.

जोडीवरून आठवले. दोन सेल एकामागे एक लावले की ती भागीदारी होते, आणि त्यातला अशक्त भागीदार साऱ्या धंद्याचे आयुष्य ठरवतो. त्याच्यातले संपल्यावरही सबळ सेल प्रवाह ढकलत राहतो, अशक्त सेल उलटा भरू लागतो आणि कायमचा बिघडतो. जुना-नवा किंवा दोन जातींचे सेल एकत्र घालू नयेत. मी सेलवर खरेदीची तारीख आणि जोडीचे अक्षर लिहून ठेवतो. चार्जरही प्रत्येक सेल वेगळा भरणारा आणि भरल्यावर आपोआप थांबणारा घ्यावा. सेल पूर्ण भरताच त्याचा व्होल्ट किंचित खाली येतो, आणि चांगला चार्जर ती खूण ओळखतो. न थांबणारा चार्जर सेल तापवून मारतो. मग दोष सेलच्या नावावर पडतो.

आता शेवटचा हिशेब. चार चांगले सेल हजाराचे आणि चार्जर सातशेचा, म्हणजे भांडवल सतराशे. चार अल्कलाइन सेल मी तीस रुपयांप्रमाणे एकशे वीसना घेतो, आणि विजेरीत एका भरण्याइतकेच ते साधारण चालतात. म्हणजे पंधराव्या भरण्याला भांडवल वसूल. विजेचा खर्च नगण्य आहे. चार्जरमधली नासाडी धरून एका सेलला पाच वॉट-तास लागले तर एका युनिटमध्ये दोनशे सेल भरतात. युनिटला सात रुपये धरले तर सेलमागे साडेतीन पैसे.

वेष्टनावर 'हजार वेळा भरा' असे लिहिलेले असते. त्या हजारावर घसारा काढणे ही चूक आहे. सेल वापराने झिजतो तसाच वयानेही झिजतो. पाच वर्षांचे आयुष्य धरावे असे मला वाटते. आठवड्यातून एकदा भरणाऱ्याच्या हातून पाच वर्षांत २६० भरणे होतात आणि चार सेलांचा एक भरणा पावणेसात रुपयांच्या आत पडतो. महिन्यातून एकदा भरणाऱ्याला तोच साडेअठ्ठावीस रुपयांना. तरीही एकशे वीसपेक्षा पुष्कळ कमी. पण भिंतीवरच्या घड्याळाला एक सेल वर्षभर पुरतो. तिथे अडीचशेचा सेल घातला तर पाच वर्षांत पाचच भरणे होणार, म्हणजे भरण्यामागे पन्नास रुपये. तीस रुपयांचा अल्कलाइन तिथे स्वस्त. टीव्हीच्या रिमोटचेही तेच. उलट फ्लॅशवाला कॅमेरा किंवा मुलांची मोटारीची खेळणी यांना जोराचा प्रवाह लागतो. अँपिअरभर प्रवाहाला अल्कलाइनची क्षमता निम्म्याखाली जाते, निकेलची फारशी घटत नाही. तिथे पंधराव्या भरण्याचीही वाट पाहावी लागणार नाही.

स्वस्त सेलांपैकी दोन मी मुद्दाम चालू ठेवले. चाळिसाव्या भरण्याला त्यांतला एक पन्नास मिनिटांत संपला, आणि मी ती वही मिटली. काकांकडे आता चांगल्या सेलच्या दोन जोड्या आहेत, 'क' आणि 'ख' अशी अक्षरे लिहिलेल्या. दर अमावास्येला ते दोन्ही भरतात. तारीख लक्षात ठेवण्यापेक्षा त्यांना ते सोपे जाते. रोधक आणि सेल ठेवायची लाकडी पेटी माझ्याकडे आहे. कुणाला आपले सेल मोजून पाहायचे असतील तर द्यायला हरकत नाही, मात्र मल्टिमीटर सरांकडून ज्याने त्याने मागून घ्यावा.