दोन देशांचे उत्पादन कसे ताडून पाहावे?

भारतातील शेती, कारखाने, रेल्वे, दुकाने, दवाखाने यांचे मिळून उत्पादन १९९० पेक्षा १९९१ साली किंचित वाढले. वाढ सुमारे १ टक्का होती. पण तेच उत्पादन अमेरिकी डॉलरमध्ये मांडले, तर ते सुमारे ३२१ अब्ज डॉलरवरून २७० अब्ज डॉलरवर घसरलेले दिसते! माल तर कमी झाला नाही. मग हे ५१ अब्ज डॉलर गेले कोठे?

कोठेच गेले नाहीत. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. एका डॉलरसाठी जास्त रुपये मोजावे लागू लागले आणि तेवढ्याच रुपयांचे डॉलर कमी भरले. कापड तेवढेच होते, मोजपट्टी मात्र लांब झाली.

एका वर्षात देशाच्या सीमेच्या आत तयार झालेल्या सर्व अंतिम वस्तू व सेवांचे पैशातील मूल्य म्हणजे स्थूल देशांतर्गत उत्पादन. यातील 'अंतिम' हा शब्द महत्त्वाचा आहे. पावाची किंमत धरली की त्यात वापरलेल्या पिठाची किंमत पुन्हा धरायची नाही. आता भारत आणि चीन यांची तुलना करू आणि मोजपट्टी कोठे कोठे फसवते ते पाहू.

पहिली फसगत डोकी न मोजल्याने होते. १९९० साली चीनचे उत्पादन सुमारे ३६१ अब्ज डॉलर होते, म्हणजे भारतापेक्षा जास्त. पण तेव्हा चीनची लोकसंख्या सुमारे ११३ कोटी आणि भारताची ८७ कोटी होती. भागाकार करून पाहा. चीनचे दरडोई उत्पादन सुमारे ३२० डॉलर आणि भारताचे ३७० डॉलर येते. एकूण उत्पादनात चीन पुढे, तर दरडोई उत्पादनात भारत पुढे!

दुसरी फसगत महागाईची. समजा, एका गावात १०० क्विंटल ज्वारी पिकली आणि भाव १,००० रुपये होता. पुढच्या वर्षी ९५ क्विंटलच पिकली, पण भाव १,२०० रुपये झाला. उत्पन्न १,००,००० वरून १,१४,००० रुपये झाले, कोठारात मात्र ज्वारी कमीच आली. म्हणून वर्षावर्षांची तुलना करताना एकच वर्ष आधारभूत धरून, त्याच वर्षाच्या भावाने सर्व वर्षांचा माल मोजतात. यालाच 'स्थिर किमतींनुसार' मोजणे म्हणतात.

तिसरी फसगत विनिमय दराची. ती आपण प्रारंभीच पाहिली. शिवाय केस कापण्याचा किंवा चहाच्या कपाचा दर प्रत्येक देशात निराळा असतो. भारतात एका डॉलरच्या रुपयांत जेवढे मिळते, तेवढे अमेरिकेत एका डॉलरला मिळत नाही. हा फरक धरून केलेल्या हिशेबाला 'क्रयशक्ती समता' म्हणतात. २०२३ साली बाजारातील विनिमय दराने चीनचे उत्पादन भारताच्या सुमारे पाचपट होते. क्रयशक्ती समतेने ते अडीच पटीच्या आसपास येते. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. परदेशातून यंत्रे घ्यायची असतील तर पहिले उपयोगी, लोक घरी किती वस्तू वापरू शकतात हे पाहायचे तर दुसरे.

पण १९९० साली इतके जवळ असलेले हे देश एवढे दूर कसे गेले? चीनने १९७८ पासून आणि भारताने १९९१ पासून आर्थिक धोरणे बदलली. १९९० नंतरच्या तीन दशकांत स्थिर किमतींनुसार चीनची वाढ वर्षाला सरासरी साधारण ९ टक्के आणि भारताची ६ टक्के राहिली. फरक फक्त ३ टक्क्यांचा! मात्र ही वाढ चक्रवाढ असते. ७० ला वाढीच्या दराने भागले की उत्पादन दुप्पट व्हायला लागणारी वर्षे साधारण मिळतात. ९ टक्क्यांना ८ वर्षे, ६ टक्क्यांना १२ वर्षे. म्हणजे २४ वर्षांत एक आठपट होतो, तर दुसरा चौपट.

आईने घरी केलेला स्वयंपाक या बेरजेत येत नाही आणि उत्पादन कोणाच्या वाट्याला किती आले हेही तिच्यातून कळत नाही, एवढे ध्यानात ठेवा.

आता वही घ्या. एका देशाचे उत्पादन १०० आणि वाढ २ टक्के. दुसऱ्याचे २५ आणि वाढ ७ टक्के. दुसरा पहिल्याला कधी गाठेल? उत्तर २९ वर्षे येते का, ते करून पाहा.