काळ्या मातीचे मैदान आणि कबड्डीपटूची हालचाल

गोल्फच्या नियमांत खराब मैदानाची दखल घेतलेली आहे. चेंडू साचलेल्या पाण्यात किंवा दुरुस्तीखालील जागेत गेल्यास खेळाडूस दंडाविना तो उचलून ठरावीक जागी ठेवता येतो. कबड्डीत अशी सवलत संभवत नाही. तेथे मैदानाचा दोष थेट खेळाडूच्या शरीरावर येतो. यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या कापूसपट्ट्यातील गावांत या दोषाचे मूळ जमिनीतच आहे.

येथील काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली असून तीत माँटमोरिलोनाइट या चिकणखनिजाचे प्रमाण मोठे असते. हे खनिज पाणी शोषून फुगते व सुकल्यावर आकसते. त्यामुळे पावसाळ्यात मैदान चिखलाचे, तर उन्हाळ्यात भेगाळलेले व टणक असते. पिकास उपकारक ठरणारा ओलावा धरून ठेवण्याचा गुण खेळास मात्र बाधक ठरतो.

चढाईपटू निदानरेषा ओलांडून पाय लांबवतो, तेव्हा सारा भार मागच्या पायावर असतो. तो पाय सुट्या ढेकळांवर घसरला तर स्पर्श हुकतो आणि मध्यरेषेकडे परतण्यास विलंब होतो. ओल्या मातीत उलट घडते : तळवा रुतून बसतो, धड वळते व पीळ गुडघ्यावर येतो. टणक भूमीवर कोपरे-गुडघे सोलून निघत असल्याने बचावपटू घोट्याच्या पकडीसाठी झेप घेण्याचे टाळतो. काही हंगामांनंतर हे टाळणे ही सवयच होते. पावले आखूड पडतात, शरीर ताठ राहते आणि खेळ पायांच्या चपळाईऐवजी खांद्यांच्या ताकदीवर चालतो. प्रशिक्षक यालाच खेळाडूची ‘शैली’ म्हणतात, हे काहीसे अन्यायाचे आहे.

1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचा समावेश झाला. 2014 पासून प्रो कबड्डी लीगमुळे मॅटवरील खेळ घरोघरी पोहोचला. मॅटवर बूट घालून खेळताना पकड अधिक मिळते, वळण जलद घेता येते. मातीवर घसरत थांबण्याची सवय असलेला खेळाडू तेथे एकदम अडतो, त्याचा तोल जातो. पहिल्याच दिवशीच्या चाचणीवरून त्याला डावलणे म्हणजे कौशल्याऐवजी मैदानाचे मूल्यमापन होय.

मॅट खर्चिक असते. मैदानाची डागडुजी तुलनेने आवाक्यातील आहे. 13 × 10 मीटरच्या जागेतील व तिच्या कडेची काळी माती काढून खाली मुरूम दाबावा, वर चाळलेली माती पसरावी, किंचित उतार देऊन भोवती चर खणावा. खेळापूर्वी हलके पाणी शिंपडून रोलर फिरवावा. चर मात्र पावसाळ्याआधीच साफ करावा लागतो; तो बुजला की पाणी मुरमाखालच्या काळ्या थरात उतरते आणि मैदान पुन्हा उचलू लागते.